माझे पहिले १०० किलो खरं तर ९५.१ होते

तुम्ही विचारलंय, "स्ट्रेंग्थ ट्रेनिंगमध्ये तुम्हाला मनापासून अभिमान वाटलेला टप्पा कोणता? आकड्यासकट सांगा." आकड्यासकट म्हणालात ते बरं केलंत. माझी सगळी भानगड आकड्याचीच आहे.

आधी मी कोण ते सांगतो. वय ४४, वजन ७१, राहणार कोल्हापूर. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला आहे. लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्या नमुन्याचा ठसा घेतात तो नमुना म्हणजे पॅटर्न. हे काम पुढे गोष्टीत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

जिमला लागलो २०१८ च्या जूनमध्ये, तेही हौसेनं नाही. कंपनीत खुर्चीवरून उठताना कंबर अशी धरली की चार दिवस मोजे बायकोनं घातले. बरं वाटल्यावर शेजारच्या मशीन शॉपमधला मित्र म्हणाला, "भावा, कंबर कमजोर हाय म्हणून धरत्या. चल संध्याकाळी." जिम नदीकडच्या बाजूला, एका गल्लीत, तळमजल्यावर. पहिल्या दिवशी नुसता रॉड खांद्यावर घेऊन स्क्वॉटला बसलो आणि तसाच मागं फरशीवर बसलो. समोर बारावीतली दोन पोरं होती. हसली नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं.

पुढचं वर्षभर सांगण्यासारखं काही नाही. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला अडीच किलो वाढवायचे, अडलं की दहा टक्के कमी करून पुन्हा चढायचं. सुरुवातीला शरीर फार उदार असतं, मागाल तेवढं देतं. साताठ महिन्यांनी हात आखडता घेतं. पहिला पुलअप यायला मात्र चौदा महिने लागले. रोज स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि तिथून जमेल तितक्या सावकाश खाली यायचं, एवढं एकच केलं. वर जायची ताकद खाली येतायेता तयार होते.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पंचगंगा ४३ च्या कितीतरी वर गेली. पाणी उतरल्यावर जिमचं शटर उघडलं तर आरसे गेलेले, बेंचचं रेक्झिन फुगलेलं, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला गाळाची रेघ. लोखंड तेवढं जागेवर होतं. दोन रविवार आम्ही दहाबारा जण वायर ब्रश आणि रॉकेल घेऊन प्लेटा घासत बसलो. नंतर काळा रंग मारला.

घासताना एक गोष्ट माझ्या नजरेला टोचली. २० किलोच्या प्लेटेवरचा '२०' हा उठावाचा आकडा कडांना गोलसर, विरघळल्यासारखा दिसत होता. पॅटर्नवर अक्षरं नीट बसवली असली की ओतीव मालावर कड धारदार येते. ही कड गोल होती, म्हणजे कुणीतरी कुठल्या तरी तयार प्लेटेवरूनच वाळूत ठसा घेतला होता. मनात नोंद झाली आणि मी विसरलो. माणूस सोयीचं तेवढं विसरतो.

२०२० च्या फेब्रुवारीत डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून सरळ उभं राहायचं) ९५ वर आली होती. एका मंगळवारी रॉडला दोन्हीकडं दोन-दोन वीसच्या लावल्या. वीसचा रॉड आणि ऐंशीच्या प्लेटा, शंभर. जिममध्ये हाताला लावायची पावडर नव्हती, पोरीच्या कंपासातला खडू चुरून लावला (चालतो, पण बेताचाच). रॉड नडगीला टेकवला, छाती वर काढली, पोटात हवा भरली आणि पायानं जमीन खाली ढकलायला लागलो. दोन सेकंद काहीच झालं नाही. त्या दोन सेकंदांत माणूस काय काय विचार करतो! कंबर, घराचा हप्ता, बारावीतली ती दोन पोरं. मग रॉड हलला, गुडघ्यापाशी अडखळला आणि वर आला. सरळ उभा राहिलो तर पाठीमागून कुणीतरी शड्डू ठोकला. मी पेढे वाटले. घरी फोटो दाखवला. वडिलांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि म्हणाले, "बरं हाय. पण तुझ्या आज्ज्यानं तालमीतली दोन मणाची नाल खांद्यावर घेतलेली." नाल म्हणजे तालमीत उचलायचा जड दगड. आमच्या घरात कुठल्याही पराक्रमाला हेच उत्तर मिळतं. मी दहावी पास झालो तेव्हाही नाल निघाली होती.

त्या रात्री झोप लागेना. आनंदानं नाही, त्या गोल कडांनी.

तुमच्यासाठी थोडं फाउंड्रीचं सांगतो. वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, साधारण एक टक्का धरतात, म्हणजे मीटरला दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्नवाल्याची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा असतो, पॅटर्न मुद्दाम तेवढा वाढवून करायचा म्हणजे गार झालेला माल मापात बसतो. आता तुम्ही बाजारातली तयार प्लेट उचलून तिचाच ठसा घेतलात, तर नवी प्लेट सगळीकडून एक-एक टक्का कमी भरणार. लांबीला एक, रुंदीला एक, जाडीला एक. वजनात सरळ तीन टक्क्यांचा फटका. शिवाय त्यानं ज्या प्लेटेचा ठसा घेतला तीही कुणाची तरी नक्कलच असेल, तर बोलायलाच नको.

रविवारी जिमवाल्या दादांना विचारून चार प्लेटा आणि रॉड मित्राच्या छोट्या हत्तीत घातले आणि कंपनीच्या डिस्पॅचला नेले. तिथला काटा दरवर्षी तपासला जातो, त्याच्यावर सीलही असतं. वॉचमननं विचारलं, "रिजेक्शन हाय काय?" म्हटलं, बघूया.

पहिली १९.२. दुसरी १८.८. तिसरी १९.६, चौथी १९.१. रॉड १८.४. मित्र मोबाइलवर बेरीज करत होता, मी तोंडी केली होती. ९५.१.

पेढे पचले होते, नाहीतर परत मागितले असते.

मित्र माझ्यापेक्षा जास्त चिडला आणि लगेच माझी वकिली करायला लागला. त्याचा मुद्दा तसा बिनतोड होता. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. आमच्या प्लेटा टेप लावून मोजल्या तर ३८ भरल्या. "म्हणजे रॉड साडेतीन सेंटिमीटर खाली. तू खड्ड्यातनं ओढलायस की लेका! ह्ये पंच्याण्णव म्हंजे तिकडचं शंभरच धर." डेडलिफ्ट करणाऱ्याला साडेतीन सेंटिमीटर म्हणजे काय ते कळेल, सगळं अवघड खालच्या त्या चार बोटांतच असतं. पण मी वीस वर्षं तपासणीच्या टेबलापाशी घालवलीत. एका मापातली तूट दुसऱ्या मापात भरून दाखवणारा माणूस आमच्याकडं रोज येतो आणि आम्ही त्याचा माल परत पाठवतो.

प्लेटा जिमला परत दिल्या. दादांना आकडे सांगितले तर म्हणाले, "कुणाला बोलू नको, पोरं खचतील." मी कुणाला बोललो नाही. खडूनं प्रत्येक प्लेटेच्या मागं खरं वजन लिहिलं. आठ दिवसांत सगळ्या जिमला कळलं. कुणी खचलं नाही, फक्त एकानं त्याच्या बायसेपच्या डंबेल्सकडं बरेच दिवस संशयानं पाहिलं.

आता खऱ्या शंभराला ४.९ हवे होते. अडीचच्या दोन प्लेटा मोजल्या, २.४ आणि २.४५. एकूण ९९.९५. पन्नास ग्रॅम कमी! मित्र म्हणाला, "सोड आता." मी रॉडच्या टोकाला लावायच्या दोन स्प्रिंगा आणल्या, प्रत्येकी दोनशे ग्रॅम. १००.३५.

मार्चचा दुसरा आठवडा होता. संध्याकाळी उशिरा, जिममध्ये आम्ही तिघंच. या खेपेला रॉड गुडघ्यापाशी जास्त वेळ अडला, हात थरथरले, उजव्या तळहाताचा घट्टा फाटला. पण आला वर. शड्डू नाही, पेढे नाहीत, फोटोही काढायचा राहिला. पुढच्या आठवड्यात कोरोनामुळं जिम बंद झाली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर १००.३५. त्यानंतर १४० पर्यंत गेलोय (मोजून), पण तेव्हा असं काही वाटलं नाही.

लॉकडाउनमध्ये गच्चीवर जोर-बैठका काढायला लागलो आणि तिथं माझी पुरती जिरली. शंभर किलोचा गडी म्हणून मिरवत होतो, ऐंशीव्या बैठकीला मांड्या पेटल्या. दोनशे काढल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरलो. वजनाचा स्क्वॉट पाच वेळा काढणं आणि टाचा उचलून, हात झुलवत, एका लयीत शेकड्यानं बैठका मारणं ही दोन वेगळी गावं आहेत. वडिलांनी खालून वाटीभर चिंचोके पाठवले. आजोबा म्हणे असंच मोजायचे, पंचवीस झाल्या की एक चिंचोका इकडून तिकडं. दसऱ्याला जिमा उघडल्या तोवर पाचशेवर आलो होतो, वीस चिंचोके. हाही टप्पाच म्हणायचा, पण याला काटा लागत नाही.

आजोबांचं, म्हणजे वडिलांच्या 'दादां'चं, सांगायचं राहिलं. ते काही नावाजलेले पैलवान नव्हते. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ चं, तिथं त्यांनी उभ्या जन्मात कुस्त्या बघितल्या, खेळले एकही नाहीत. पहाटे तालमीत जोर मारायचे, माती उकरायचे आणि मग शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर तोलाईला जायचे. तोलणारा माणूस. नाल त्यांनी उचलली ती १९५५ च्या आसपास, म्हणजे किलो यायच्या आधी.

ती नाल अजून तालमीत आहे. जात्याच्या तळीसारखा काळा दगड, मध्ये मूठ धरायला खोबण कोरलेली, ती हातांनी घासून गुळगुळीत झालीय. २०२२ मध्ये वस्तादांना विचारून मी तिला हात घातला. रॉड तुमच्याकडं बघून बनवलेला असतो, दगडाला तुमचं काही देणंघेणं नसतं. सगळं वजन एका बाजूला झुकतं, मनगट वळतं. महिनाभर दर रविवारी गेलो. पाचव्या रविवारी मांडीवर घेतली, तिथून छातीवर, तिथून खांद्यावर. उतरवताना वस्ताद ओरडले, "टाकू नगंस, ठेव!"

आणि मग सवयीप्रमाणं मी काटा आणला. चुलतभावाचं किराणा दुकान आहे, त्याच्याकडचा शंभर किलोचा.

५८.४.

मण गावोगाव वेगळा असायचा, पण सरकारी मण म्हणजे चाळीस शेर, ३७.३ किलो. दोन मण म्हणजे साडेचौऱ्याहत्तर व्हायला हवे होते. घरी जाताना ठरवलं की सांगायचं नाही. वडील ७५ चे आहेत, ही एक नाल त्यांनी आयुष्यभर जपलीय.

दारातच विचारलं त्यांनी, "किती भरली?"

मला खोटं वजन सांगता येत नाही. सांगितलं.

त्यांनी डोळे मिटून हिशोब केला, ओठ हलत होते. "दीड मण आन् वर अडीच शेर," म्हणाले. "बरोबर हाय. दादा दीडच म्हणायचे. दोन मी केले."