600 मिमीची लेन्स आणि 12 लाखांचा विमा

बोरिवलीच्या एका वाचकाचं पत्र आहे: तेजोमेघांच्या, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांच्या फोटोंसाठी 1.4 लाखांची 150-600 टेलिफोटो लेन्स हप्त्यांवर घेऊ का? वय 38, हातात पगार 85 हजार, पत्नी घर सांभाळते, मुलगी सातवीत. घरकर्ज 34 लाख बाकी. पुढे लिहितात, "फोटो विकून लेन्सचे पैसे सुटतील. विम्याची चिंता नाही, साडूंकडून 20 वर्षांची एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी घेतली आहे, वर्षाला 72 हजार भरतो, कव्हर 12 लाख."

लेन्स घेऊ नका. पृथ्वी फिरत असल्याने 600 मिमीला साध्या ट्रायपॉडवर एका सेकंदात ताऱ्यांच्या रेघा होतात. खरी गरज ट्रॅकरची, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राची, आणि हलका ट्रॅकर एवढ्या जड लेन्सला पुरत नाही. तुमच्याकडच्या 55-250 लेन्समध्ये मृगातला तेजोमेघ छान येतो. ट्रॅकर 40-50 हजारांचा. फोटोविक्रीची कमाई हिशेबातून खोडा; हबलने टिपलेले तेजोमेघ नासा फुकट देते.

आता जे विचारलं नाहीत ते. कर्ज 34 लाख, विमा 12 लाख. उद्या तुम्हाला काही झालं तर विम्याचे सगळे पैसे बँकेला देऊनही 22 लाख देणं उरतं. घरात दुसरा पगार नाही. मुलीचं शिक्षण कशातून होणार? अशी एंडोमेंट विमा म्हणून विकणाऱ्यांचा मला राग येतो. बचत म्हणूनही ही पॉलिसी लंगडी आहे: 14.4 लाख भरून 20 वर्षांनी 25 लाखांच्या आसपास, म्हणजे जेमतेम 5 टक्के. पीपीएफच्या 7.1 टक्क्यांनी तेच 32 लाख होतात.

या आठवड्यात 1 कोटीच्या टर्म प्लॅनचा, म्हणजे बचत नसलेल्या निव्वळ विम्याचा अर्ज करा. वर्षाला 15-20 हजार पडतील. बीपी, सिगारेट, काहीही लपवू नका. लपवलंत तर क्लेम पत्नीला भांडून मिळवावा लागेल. नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. सहा हप्ते भरलेत, सरेंडर केलीत, म्हणजे मोडून पैसे परत घेतलेत तर त्यातलं बरंच बुडेल. साडू नाराज होतील, होऊ द्या.

वर्षाला 50 हजार सुटतील. पहिल्या वर्षीचे ट्रॅकरला गेले तर माझी हरकत नाही, पुढचे सगळे पीपीएफमध्ये. मृग डिसेंबरात जवळजवळ रात्रभर आकाशात असतो, आणि बदलापूरपुढच्या वांगणीला बोरिवलीपेक्षा बराच काळोख मिळतो. टर्मची मेडिकल मात्र त्याआधी उरका.