१२ वर्षं परदेशात काढल्यावर कायमचं मायदेशी परतणं जमतं का?

तुम्ही विचारलंय की आई-वडील थकलेत, १२ वर्षं बाहेर झालीत, मुलं शाळेत आहेत, तर परतावं का. आणि परतलेले काही जण वर्षभरात पुन्हा बॅगा का भरतात? मी परतून टिकलेल्यांपैकी आहे, त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणारच.

जमतं. गर्दी, रांगा, सरकारी कामं यांचा लोक बाऊ करतात, पण त्यांची सवय लवकर होते. खरा त्रास वेगळाच असतो. परदेशात तुम्ही नवखे असता आणि नवख्याला विचारायची मुभा असते. इथे चेहरा, भाषा, आडनाव सगळं इथलंच, त्यामुळे एखादी गोष्ट माहीत नसणं लोकांना पटतच नाही. बंद पडलेलं खातं सुरू करायला मी बँकेत गेलो आणि कोणते कागद लागतात ते विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली, "इथलेच ना तुम्ही?" टोमणा नव्हता, खरंच आश्चर्य होतं. पुढची गंमत अशी, की ओटीपी जाणार जुन्या मोबाइल नंबरवर, नंबर बदलायला पत्त्याचा पुरावा हवा आणि घर भाड्याने घ्यायला बँकेचं सुरू असलेलं खातं!

आल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी नेमकं पकडलंय. नाझींमुळे त्याला स्वतःला युरोप सोडून अमेरिकेत जावं लागलं होतं. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या निमित्ताने १९४५ मध्ये त्याने लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: परका माणूस अनोळखी जागी जातोय हे धरूनच येतो, घरी परतणाऱ्याला मात्र वाटतं की आपल्याला सगळं ठाऊक आहे. तुम्ही मनात ठेवलेलं घर तुम्ही निघालात त्या दिवशीचं असतं. त्यानंतर घरही बदललं, तुम्हीही बदललात.

१९६३ मध्ये गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने या मनःस्थितीचा इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा आलेख मांडला. परदेशात गेल्यावर एक घसरण, मग सावरणं आणि परतल्यावर पुन्हा तेच. पुढच्या संशोधकांनी त्यावर बऱ्याच शंका काढल्या, प्रत्येकाचं तसं होतही नाही. पण वर्षभरात बॅगा भरणारे बरेच जण त्या दुसऱ्या खड्ड्यात असताना निर्णय घेतात असं माझं निरीक्षण आहे. तेवढा काळ जाऊ द्या.

आता आई-वडिलांबद्दल, कारण तुमचं मुख्य कारण तेच दिसतंय. तुम्ही नसताना कुणीतरी त्यांचं सगळं केलंय. भाऊ असेल, वहिनी असेल, शेजारी असेल. कोणती गोळी उपाशीपोटी घ्यायची, कोणता डॉक्टर फोन उचलतो, बाबा कशावरून चिडतात, हे त्यांना पाठ असतं. सुट्टीवर आलेल्या पाहुण्याचं कौतुक होतं. कायमचा आलेला माणूस आल्या आल्या फाइल उघडून "सेकंड ओपिनियन घेऊ या" म्हणाला, की घरातली हवा बदलते. मागच्या वर्षांचा हिशेब तेव्हा निघतो, तोही भलत्याच विषयावरून, म्हणजे चाव्या कुणाकडे असाव्यात वगैरे. मी तर म्हणेन, सुरुवातीला फक्त पडेल ते काम घ्या. रिपोर्ट आणा, रात्री दवाखान्यात थांबा. मत कुणी विचारलं तर द्या. आणि आई-वडिलांनाही तुमच्याविना जगायची सवय झालेली असते, हे धरून चला.

ऑफिसातही "तिकडे आम्ही असं करायचो" हे वाक्य निदान पहिलं वर्ष तोंडातून काढू नका. अमेरिकेहून दक्षिण इटलीत परतलेल्यांचा अभ्यास करून फ्रान्चेस्को चेरासे यांनी १९७४ मध्ये त्यांचे चार गट पाडले: तिकडे न जमलेले, साठवलेल्या पैशांतून जमीन घ्यायला आलेले, म्हातारपण काढायला आलेले आणि काहीतरी नवं करू पाहणारे. यातल्या शेवटच्यांना गावातल्या बड्या मंडळींनी फारसं काही करू दिलं नाही.

मुलं लहान असतील तर रुळतात. दहावीच्या तोंडावर असतील तर मी थांबलो असतो. घरी भाषा बोलतात म्हणून निश्चिंत राहू नका. ती तुमच्याकडून ऐकलेली, म्हणजे तुम्ही देश सोडला त्या काळातली असते, आणि पेपर लिहिणं ही आणखी वेगळी गोष्ट.

पैशांचं थोडक्यात सांगतो. अनेक देशांत करासाठी रहिवासी ठरवताना १८३ दिवसांचा निकष असतो, म्हणून वर्षाच्या कोणत्या महिन्यात परतता याने फरक पडतो. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर कुठेही राहिलात तरी तिथलं कराचं रिटर्न भरणं चुकत नाही. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार आहे का ते बघा. असेल तर तिथली वर्षं पेन्शनसाठी धरली जाऊ शकतात. गुणपत्रिका, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांवर अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणन) तिथेच करून घ्या, लसीकरणाच्या नोंदी आणि पेन्शनचे उतारेही हातात घ्या. इकडे आल्यावर ईमेल पाठवून हेच करायला महिने जातात.