गाडी स्वतः चालते म्हणे, खरंय का?

प्रश्न: दादा, मुलाने नवी कार घेतलीय, अडासवाली, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा असलेली. बडोदा-अमदावाद एक्सप्रेसवेवर स्टिअरिंग सोडून बसतो नि म्हणतो आई बघ, आपोआप वळतेय. शोरूमवालाही हेच म्हणाला, गाडी स्वतः चालते. भरवसा ठेवू का?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: काकू, शोरूमवाल्याला गाडी खपवायची होती, त्याचं सोडा. ऑटोमेशनच्या 0 ते 5 लेव्हल असतात, आपल्याकडच्या अडासवाल्या गाड्या लेव्हल 2 पर्यंतच्या, म्हणजे स्टिअरिंग-ब्रेक गाडी थोडंफार सांभाळते पण रस्त्यावर नजर ठेवायचं काम ड्रायव्हरचंच.

एक्सप्रेसवेवर छान चालणारच हो, पट्टे स्पष्ट, समोरून कोणी येत नाही, तीच गाडी संध्याकाळी बडोद्यातल्या मांडवीच्या गर्दीत आणा म्हणावं, पट्टा शोधता शोधता रडकुंडीला येईल. आणि एक्सप्रेसवेवरही एक गोची आहेच. स्पीडला असताना समोर बंद पडलेला ट्रक उभा असेल तर स्पीड आपोआप सांभाळणारं क्रूझ कंट्रोल बऱ्याचदा त्याला मोजतच नाही, कारण रडारला पूल, बोर्ड, रेलिंग असं न हलणारं खूप काही दिसतं आणि त्या प्रत्येकासाठी ब्रेक मारत बसलं तर गाडी चालायचीच नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं हे, वाचतं कोण!

2018 मध्ये अमेरिकेत टेम्पी गावात उबरच्या स्वतः चालणाऱ्या, टेस्टिंगच्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती गेली. सिस्टिमला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती, पण कधी गाडी, कधी सायकल, कधी आणखी काही असं ओळखत राहिली. आत लक्ष ठेवायला ड्रायव्हर होती, ती मोबाईलमध्ये. मला मशीनपेक्षा ह्याचीच भीती जास्त वाटते, नव्वद टक्के काम गाडीने केलं की उरलेल्या दहासाठी माणूस जागाच राहत नाही.

मुलाला सांगा, इमर्जन्सी ब्रेकिंग बंद करू नकोस, ते खरंच कामाचं आहे, पण हात स्टिअरिंगवरच. आणि हात सोडले की वाजणारा अलार्म वाजू नये म्हणून स्टिअरिंगला बाटली लटकवणारे महाभाग असतात, तसलं काही दिसलं तर सरळ चावी काढून घ्या.

प्रश्न: मग बिनड्रायव्हरची टॅक्सी बडोद्यात कधी?
– एक वाचक, रावपुरा

उत्तर: अमेरिकेत वेमो कंपनीच्या टॅक्सी फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्कोत बिनड्रायव्हर फिरतात, पण नकाशा पाठ असलेल्या ठरावीक भागातच. इथे गडकरींनी 2023 मध्येच सांगून टाकलं, ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील म्हणून येऊ देणार नाही. तोवर आपला रिक्षावाला आहेच, मीटरचं तेवढं बघा.