गरीब वस्त्यांची जुनी छायाचित्रं घरात: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (जळगाव): हॉलमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या गरीब वस्त्यांची कृष्णधवल छायाचित्रं लावायची आहेत. सासूबाई म्हणतात, ‘दुसरानी गरिबी आपला घरमा काबर टांगस?’ कोणती निवडावी आणि कुठून मिळतील?

उत्तर: सासूबाईंचं म्हणणं काही चित्रांना लागू पडतं, सगळ्यांना नाही. न्यूयॉर्कचे पत्रकार जेकब रीस 1880च्या दशकाच्या अखेरीस रात्री-बेरात्री दाटीच्या खोल्यांमध्ये शिरून उजेडासाठी मॅग्नेशियमचा भडका उडवत आणि फोटो काढत. दचकून उठलेली, अर्धवट झोपेतली माणसं त्यात दिसतात. घरबांधणीचे कायदे सुधारायला या फोटोंचा हातभार लागला हे खरं. पण त्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं, आणि सोफ्यावरून रोज त्यांच्याकडे बघणं जड जातं. रीस यांच्याच नावावर असलेला मलबेरी स्ट्रीटच्या बोळाचा 1888चा फोटो वेगळा आहे. त्यात दोन्ही बाजूंची माणसं उभी राहून सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. निवडायचाच तर हा.

आमची पहिली पसंती मात्र छायाचित्रकार टॉमस अ‍ॅनन यांना. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या जुन्या बोळांची पाडापाडी ठरल्यावर तिथल्या सुधार ट्रस्टने त्यांना नोंदीसाठी नेमलं. 1868 ते 1871 दरम्यानचं हे काम. उंच दगडी भिंती, मधून वाहणारी ओली गटार, वर काठ्यांवर वाळत घातलेले कपडे. त्या वेळी फिल्मऐवजी काचेची पट्टी असे आणि ती कॅमेऱ्यात बराच वेळ उघडी ठेवावी लागे, म्हणून हललेल्या पोरांचे चेहरे पुसट आले आहेत. चित्र उभं असल्याने दार आणि खिडकीमधल्या अरुंद जागेत चपखल बसतं.

आपल्याकडचं हवं असेल तर 1896-97च्या मुंबईतल्या प्लेगच्या साथीचे फोटो आहेत. त्यात घरं धुणारे बंब दिसतात. रुग्णांचे फोटोही त्याच संग्रहात आहेत. ते घरात नकोत.

लंडनचं वेलकम कलेक्शन आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या साइटवर अशी बरीच छायाचित्रं मोफत मिळतात. प्रत्येक चित्राखालची हक्कांची ओळ वाचा. उपलब्ध असेल ती सर्वांत मोठी फाइल घ्या, टिफ (बारकावे न गमावणारा फाइलचा प्रकार) असेल तर उत्तम. फ्रेमच्या मागे ठिकाण, साल, छायाचित्रकार आणि संग्रह लिहून ठेवा. पाहुणा विचारतोच.

प्रश्न (धुळे): असाच एक फोटो 12 बाय 18 इंचात छापून घेतला. रंग हिरवट आला, चेहरे मेणाचे वाटतात. शिवाय दोन महिन्यांत कागदाला लाटा आल्या आणि एका कोपऱ्यात तो काचेला चिकटला. चूक कुठे झाली?

उत्तर: या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत.

हिरवटपणा रंगीत शाईचा. कृष्णधवल चित्र चार रंगांच्या डिजिटल प्रेसवर छापलं की राखाडी छटा हिरव्या नाहीतर जांभळट होतात. आधी फाइल ग्रेस्केल, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्या-राखाडी छटांची करा. मग पिगमेंट शाईचा, दोन-तीन राखाडी शाया असलेला इंकजेट ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मॅट कागदावर छापून घ्या. कागद 250 ते 300 जीएसएम. पूर्ण प्रिंटआधी 4 बाय 6ची चाचणी मागाच. मॅट कागद काळा भाग गिळतो, म्हणून गडद सावल्या थोड्या उजळाव्या लागतात.

मेणाचे चेहरे म्हणजे ‘एन्हान्स’ करणाऱ्या अ‍ॅपची करामत. ते नसलेले डोळे-नाक स्वतःच्या मनाने रंगवतं. मग तो ऐतिहासिक फोटो राहत नाही. 12 बाय 18साठी 3600 बाय 5400 पिक्सेल हवेत, 2400 बाय 3600वरही भागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की फाइल खूप लहान होते. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. धुळीचे ठिपके काढा, पण मूळ निगेटिव्हच्या काचेच्या पट्टीच्या कडेचे ओरखडे राहू द्या. सेपिया, म्हणजे तपकिरी छटा, तर मुळीच नको.

लाटा आणि चिकटणं ही कूलरची देणगी. आपल्याकडे मार्चपासून चार महिने कूलर चालतो, हवा ओली होते आणि कागद फुगतो. तो चारी बाजूंनी चिकटवलेला असेल तर पसरायला जागा मिळत नाही, मग मध्ये लाट येते. फ्रेमवाल्याला नेमकं सांगा: प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, गव्हाच्या खळीने पातळ कागदी पट्टीवर टांगायचं. फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर नकोच. तिचा पिवळा डाग निघत नाही. वर अ‍ॅसिड-फ्री (कागद पिवळा न पाडणारा) माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, तीन बाजूंना अडीच इंच, खाली तीन. माउंटमुळे काच कागदापासून दूर राहते, चिकटायचा प्रश्नच मिटतो. मागे हार्डबोर्ड चालेल, पण मधे आणखी एक अ‍ॅसिड-फ्री बोर्ड हवा. कडेच्या फटी कागदी टेपने बंद करा, नाहीतर आपली काळी धूळ आत जाणारच. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची बटणं लावली की भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. अ‍ॅक्रेलिक हलकं असलं तरी पुसताना ओरखडतं आणि धूळ ओढतं. इथे 2 मिलिमीटरची काचच घ्या. पश्चिमेचं ऊन येणारी आणि कूलरसमोरची, या दोन भिंती सोडा.

प्रश्न (अमळनेर): आमचं धाब्याचं घर, भिंती मातीच्या. खिळा ठोकला की पोपडा येतो. 18 बाय 24ची काचेची फ्रेम कशी टांगावी?

उत्तर: खिळा ठोकूच नका. त्या मापाच्या 2 मिलिमीटर काचेचंच वजन सुमारे 1.4 किलो, बाकी पट्टी आणि बोर्ड वेगळे. छताच्या तुळईला हूक मारा आणि दोन तारांवर फ्रेम सोडा. भिंतीत जुनी लाकडी खुंटी असेल तर आधी ती हलवून बघा. घट्ट असेल तर तीच वापरा. फ्रेमचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवा. खाली गादीवर बसायची पद्धत असेल तर 25-30 सेंटिमीटर आणखी खाली. पावसाळ्यात महिन्यातून एकदा फ्रेम काढून मागे वाळवीची मातकट रेघ दिसते का ते बघा.