मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती किलोमीटर आणि किती तास लागतात? प्रत्येक साइटवर वेगळाच आकडा दिसतो, नक्की काय धरायचं?

सरळ अंतर साधारण 12,500 किमी. नॉनस्टॉप असेल तर जाताना 15-16 तास धरा आणि येताना 14च्या आसपास. आता हा फरक का, तर वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे जोरदार वारे असतात, ते जाताना समोरून येतात आणि परतताना मागून ढकलतात. सीटसमोरच्या स्क्रीनवर मॅप लावून ग्राउंड स्पीड बघत बसा (मी तरी पिक्चर सोडून तेच बघतो), येताना अटलांटिकवर कधीकधी हजाराच्या वर गेलेला दिसतो आणि जाताना तेच विमान 800-850वर रेंगाळतं.

त्या मॅपवर अजून एक गंमत दिसते. आपल्याला वाटतं विमान अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला जाईल, पण पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता वर उत्तरेला पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया करत आइसलंडजवळून जातो. कागदावर हं. कारण 2022 पासून अमेरिकन कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, मग वळसा आला आणि वेळ वाढला. म्हणून 12,500 ला 900 ने भागून 14 तास काढत बसू नका, ज्या तारखेचं तिकीट काढताय त्या फ्लाइटचा ड्युरेशनच बघा.

वन स्टॉप घेतलं तर खूप लांबून जावं लागतं असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं काही नाही. मुंबई-लंडन 7,200 आणि लंडन-न्यूयॉर्क 5,500, म्हणजे जेमतेम दोनशे किमी जास्त, लंडन जवळपास वाटेतच पडतं. दुबईमार्गे साधारण 400 जास्त. वेळ जातो तो सगळा लेओव्हरमध्ये, त्यामुळे एकूण 19-20 पासून पार 30 तासांपर्यंत काहीही होऊ शकतं. आईबाबा पहिल्यांदाच जात असतील तर अबूधाबीचा पर्याय बघायला हरकत नाही, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, पलीकडे उतरल्यावर ती लांबलचक लाइन नाही.

आणि तिकिटावरच्या वेळा बघून घोळ घालू नका, त्या त्या-त्या शहराच्या लोकल असतात. रात्री 2 ला निघून त्याच तारखेला सकाळी 8 ला पोचलं असं लिहिलेलं असेल तर ते 6 तास नाहीत, त्यात दोन्हीकडच्या घड्याळांतला साडेनऊ तासांचा फरक मिळवा, साडेपंधरा झाले. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात तेव्हा साडेदहा मिळवायचे. येताना उलटं, दुपारी साडेबाराला बसलात की दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत, म्हणजे घ्यायला येणाऱ्याला तारीख नीट सांगा.