क्रूझचं प्रायॉरिटी बोर्डिंग : पैसे टाकायचे की नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही डोंबिवलीचे. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-लक्षद्वीप क्रूझ बुक केलीये, मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, चालतात तशा पण गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही. आता एजंट मागे लागलाय की प्रायॉरिटी बोर्डिंग घ्याच, माणशी दीड हजार, नाहीतर बॅलार्ड पिअरला दोन-दोन तास लाईनीत उभं राहाल. मिस्टर म्हणतात उगाच कशाला, बोट काय आपल्याला सोडून जाणारे का. मला दोघांचंही पटतं आणि सासूबाईंची काळजी वाटते. साडेसात हजार थोडे नाहीत. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी सासूबाईंचं सांगते, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय. त्यांच्यासाठी हे पैसे भरायची गरज नाहीये. एजंटला आजच फोन करा आणि त्यांच्या नावावर व्हीलचेअर असिस्टन्स टाकायला सांगा, आणि ते बुकिंगवर लिहून आलंय का ते स्वतः बघा, नुसत्या 'हो मॅडम, सांगून ठेवतो' वर राहू नका. ही मदत क्रूझ कंपन्या सहसा फुकट देतात, टर्मिनलच्या दारापासून जहाजात पोचेपर्यंत माणूस सोबत असतो, आणि घरातलं निदान एक जण तरी त्यांच्याबरोबर त्याच रस्त्याने आत जातं. सासूबाई म्हणतील, मी चालतेय की धडधाकट, मला कशाला खुर्ची. त्यांना सांगा की खुर्ची चालता येत नाही म्हणून नाही घेतलेली, ताटकळत उभं राहायला लागू नये म्हणून घेतलीये. हे ऐकून बऱ्याच जणी तयार होतात.

आता उरलेल्या चौघांचं. पैसे भरून नेमकं काय मिळतं ते आधी समजून घ्या, कारण नाव एकच असलं तरी प्रत्येक कंपनीच्या पॅकेजमध्ये वेगवेगळं असतं आणि एजंट ते कधी उलगडून सांगत नाही. बंदरावर एक लाईन नसते, तीन-चार असतात. आधी मोठ्या बॅगा द्यायच्या, हॅंडलला केबिन नंबरचा टॅग लावून त्या आत जातात. मग सिक्युरिटी, मुंबई बंदरात ती सीआयएसएफची असते. मग चेक-इनचा काउंटर, तिथे ओळखपत्र बघतात, फोटो काढतात, केबिनचं कार्ड देतात. परदेशाची क्रूझ असेल तर वर इमिग्रेशन. यातला काउंटर आणि जहाजाकडे जायची शेवटची रांग एवढंच कंपनीच्या हातात. सिक्युरिटीवाला तुमचं प्रायॉरिटीचं कार्ड बघून तुम्हाला पुढे घेणार नाही, इमिग्रेशनवाला तर नाहीच नाही. म्हणजे दीड हजार भरून तुम्ही सगळी रांग टाळत नाही, तिचा एक तुकडा टाळता.

आणि एजंट म्हणतो ते दोन तास. गर्दीच्या दिवशी वेळ लागतो, खोटं नाही. कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज घ्या, जवळपास आठशे केबिन आहेत, दोघं-दोघं धरली तरी दीड हजारावर माणसं एका दुपारी चढतात. पण बॅलार्ड पिअरला नवीन इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल झालंय, २० सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन झालं, चेक-इन आणि इमिग्रेशन मिळून ७२ काउंटर आहेत. खरी गर्दी होते ती काउंटर कमी म्हणून नाही, सगळे एकदम जेवायच्या वेळेला येऊन पोचतात म्हणून. वेब चेक-इन करताना कंपनी वेळेचा स्लॉट निवडायला देत असेल तर चेक-इन उघडल्या दिवशीच बसा आणि सगळ्यात पहिला स्लॉट उचला. तीच फुकटातली प्रायॉरिटी आहे, आणि बरेच लोक ती घेत नाहीत कारण वेब चेक-इन आदल्या रात्री बॅगा भरता भरता करतात. आणि पहिला स्लॉट घेतलात तर तो पाळा हो. डोंबिवलीहून पाच माणसं आणि एवढ्या बॅगा घेऊन लोकलने सीएसएमटी गाठायचा विचार असेल तर सोडून द्या, गाडी करा, ईस्टर्न फ्रीवेने ऑरेंज गेटला उतरा, तिथून टर्मिनल जवळ आहे, पण पी. डिमेलो रोडवर ट्रेलरची वर्दळ असते तेव्हा हातात वेळ ठेवूनच निघा.

लवकर चढून काय मिळतं हा खरा प्रश्न. विमानात आधी चढलं की वरच्या रॅकमध्ये बॅगेला जागा मिळते, इथे तसलं काही नाही, तुमची केबिन ठरलेली, पलंग ठरलेला, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं इथे काहीच धरायचं नसतं. आणि केबिन लगेच मिळतही नाही. सकाळी आधीचे प्रवासी उतरलेले असतात आणि दुपारपर्यंत केबिन आवरायचं काम चालू असतं. तुम्ही बारा वाजता चढलात तर केबिनच्या कॉरिडॉरचे दरवाजे बंद, आत हाऊसकीपिंगच्या ट्रॉल्या, जमिनीवर चादरींचे ढीग, आणि आधी चढलेली सगळी मंडळी खांद्यावर पर्स, हातात पोरांचे स्वेटर अशी बफेच्या हॉलमध्ये टेबल शोधत फिरतायत. काही पॅकेजमध्ये 'केबिन लवकर तयार' हे लिहिलेलं असतं, ते असेल तर मात्र वेगळी गोष्ट, तेव्हा सासूबाईंना सरळ आडवं होता येईल. एजंटला हाच प्रश्न विचारा, केबिन किती वाजता हातात मिळणार, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

एक गोष्ट मात्र लवकर चढणाऱ्यांच्या बाजूची आहे आणि ती मला मनापासून पटते. ट्रिप जितकी छोटी तितका पहिला दिवस मोलाचा. दोन रात्रींच्या मुंबई-गोवा क्रूझमध्ये पहिली दुपार रांगेत गेली तर ट्रिपचा चांगला हिस्सा गेला, सात रात्रींच्या क्रूझमध्ये तीच दुपार कुणाच्या लक्षातही राहत नाही. पूल रिकामा असतो, जेवणाला गर्दी नसते, मुलांना आख्खं जहाज हिंडून बघता येतं. पण हे सगळं पहिल्या स्लॉटनेही मिळतं.

आता लक्षद्वीप. इथे मात्र थांबून विचार करा, कारण तुमच्या बाबतीत पैसे वसूल होतील तर इथेच होतील. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं, जिना उतरलं की जमीन. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाला तसं नाही, मोठं जहाज बेटाला लागू शकत नाही, बाहेर समुद्रात उभं राहतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी बेटावर नेतात. सगळे एकदम जाऊ शकत नाहीत, गट पाडतात, नंबर लागतात, आणि पहिल्या बोटीने गेलेला आणि शेवटच्या बोटीने गेलेला यांना बेटावर मिळणाऱ्या वेळेत चांगलाच फरक पडतो. लगून म्हणजे बेटालगतचं उथळ शांत पाणी, स्नॉर्केलिंग, सगळं त्या वेळेतच बसवायचं असतं. कार्निव्हलसारख्या अमेरिकन कंपन्यांच्या प्रायॉरिटी पॅकेजमध्ये या छोट्या बोटीचा नंबरही आधी लागतो. तुमच्या पॅकेजमध्ये ते आहे का, एवढं एकच विचारा. असेल तर मी म्हणेन विचार करा, मुलांना पाण्यात तास-दीड तास जास्त मिळाला तर ते पैसे कारणी लागले. नुसतं बंदरावरचं बोर्डिंग असेल तर नको.

आणि पैसे पाचांचे भरायचे की नाही तेही बघा, कारण काही कंपन्या माणशी घेतात, काही केबिनमागे. कार्निव्हलचा दर आख्ख्या केबिनला असतो. तुमच्या एजंटने केबिनच्या दराचे माणशी करून सांगितले नाहीत ना, याची खात्री कंपनीच्या स्वतःच्या साईटवर करून घ्या.

सासूबाईंबद्दल एक अजून, हे पैशाने सुटणारं नाही म्हणून आत्ताच सांगते. जहाजातून छोट्या बोटीत उतरताना बोट वरखाली होत असते, दोन खलाशी दोन्ही दंड धरतात, आणि ते 'आता' म्हणाले की पाय टाकायचा, मागेपुढे करायचं नाही. दुखऱ्या गुडघ्यांना हे जड जातं. समुद्र खवळलेला असेल तर व्हीलचेअरवाल्यांना बोटीत घेतही नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या आणि त्या दिवशी त्या जहाजावरच थांबणार असतील तर कोण सोबत राहणार हे घरातच ठरवा, ऐन वेळी त्यांच्यासमोर नको, त्यांना वाटेल माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा.

चढल्यावर लगेच एक काम आहे, मस्टर ड्रिल, म्हणजे संकट आलं तर कुणी कुठे जमायचं याची तालीम. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या गिलिओ बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली, त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल व्हावीच लागते. तुम्ही पहिले चढा नाहीतर शेवटचे, ती चुकवायची नाही. मुलांना त्यांचं मस्टर स्टेशन कुठे आहे ते चालत नेऊन दाखवा, सासूबाईंना तिथपर्यंत कोण नेणार तेही स्टाफला विचारून ठेवा.

हातातल्या बॅगेत औषधं, बोट लागण्याच्या गोळ्या, ओळखपत्रं, चार्जर, पोरांचे पोहायचे कपडे. मोठ्या बॅगा केबिनपाशी यायला संध्याकाळ होऊ शकते आणि बीपीची गोळी त्यात अडकली तर प्रायॉरिटीचा काही उपयोग नाही.

प्रश्न : आम्ही दोघं बोरिवलीहून सिंगापूरला जाऊन तिथून रॉयल कॅरिबियनची क्रूझ घेतोय. विमान रात्रीचं आहे, सकाळी उतरतं, त्याच दुपारी जहाज. 'द की' नावाचं पॅकेज दिसतंय, त्यात प्रायॉरिटी आहे. घ्यावं का? विमान लेट झालं तर उपयोग होईल ना?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : लेट झालं तर शून्य उपयोग. प्रायॉरिटी तुम्हाला रांगेत पुढे नेते, जहाजाला थांबवत नाही, आणि चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं. तुम्ही घेतलेली जोखीम प्रायॉरिटीने भरून निघणारी नाहीये, आदल्या दिवशी जा, एक रात्र हॉटेलात काढा, ते पैसे तिथे घाला. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान आणि वर घड्याळ अडीच तास पुढे, रात्रभर न झोपता उतरून थेट जहाजावर गेलात तर पहिला दिवस तसाही झोपेतच जाणार.

'द की' मध्ये नुसती प्रायॉरिटी नाही, इंटरनेट पण आहे, पहिल्या दिवशी मोठ्या डायनिंग रूममध्ये जेवण आहे. म्हणून हिशोब असा करा : तुम्ही इंटरनेट घेणारच होतात का? दोघांच्या इंटरनेटचा दर काढा, तो 'की' च्या दरातून वजा करा, जे उरेल ती खरी प्रायॉरिटीची किंमत. कधी कधी ती फारच थोडी निघते आणि मग जरूर घ्या. इंटरनेट नकोच असेल तर सोडा. एका केबिनमधल्या एकानेच घेऊन चालत नाही, दोघांनाही घ्यावं लागेल हेही धरा. आणि व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते बघून घ्या, जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येतं म्हणजे तुम्ही दोनदा आत शिरणार.

प्रश्न : क्रूझ सकाळी मुंबईत परत येते आणि आमचं दुपारी नागपूरचं विमान आहे. उतरताना प्रायॉरिटी घेतली तर गाठता येईल?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : उतरायच्या प्रायॉरिटीला पैसे घालू नका, आधी रिसेप्शनला विचारा की स्वतःच्या बॅगा स्वतः उचलून उतरायची सोय आहे का. बऱ्याच जहाजांवर असते, फुकट असते, आणि असे लोक सगळ्यात आधी उतरतात कारण त्यांना धक्क्यावर बॅगांची वाट बघायची नसते. म्हणजे आदल्या रात्री बॅग दाराबाहेर ठेवायची नाही, तुम्हाला ओढत नेता येईल एवढंच सामान आणायचं. आणि तिकिटावर विमानतळ कुठला ते नीट बघा, आता नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. नवी मुंबई असेल तर फ्रीवेने शिवडी आणि तिथून अटल सेतू. सांताक्रूझ किंवा सहार असेल तर सकाळच्या ट्रॅफिकचा वेळ धरून चाला, आणि जहाज उशिरा धक्क्याला लागलं तर काय, म्हणून शक्य असेल तर विमान संध्याकाळचं करून घ्या.