झाडाला जास्त घातक कोण, मुळं कुजवणारी बुरशी की जंगलातलं वानर?

बुरशीच. तुम्ही विचारलंय की दोघंही झाडाच्याच जिवावर जगतात, मग शिव्या एकट्या वानराला का? कारण वानर दिसतं. आमच्या यावल-रावेरकडे सातपुड्यातून टोळी शिवारात उतरली की गावभर बोंब होते. केळीच्या घडांचं नुकसान होतं, ते खरंच आहे. पण प्रश्न झाडाचा आहे.

वानर कोवळा पाला, कळ्या, फुलं, फळं खातं. त्याच्या पोटात कप्पे असतात, तिथले जिवाणू पाला आंबवतात, म्हणून एवढा पाला त्याला पचतो. टोळी एका झाडावर ठाण मांडून बसत नाही आणि ओरबाडलेल्या फांदीला पुन्हा पालवी फुटते. खाली पडलेला पाला चितळांच्या कामी येतो.

बुरशीचं पचन शरीराबाहेर चालतं. लाकडात तंतू घुसवायचे, तिथेच पाचकरस सोडायचे आणि विरघळलेलं शोषून घ्यायचं. खैर-बाभळीची मुळं कुजवणारी गॅनोडर्मा पावसाळ्यात बुंध्याशी बघा. अर्धगोल, तांबूस तपकिरी, वरून लाख चढवल्यासारखी चकचकीत, वाढत्या कडेला पांढरी किनार. खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यांतून तपकिरी भुकटी झडते. तेच बीजाणू. पण ही छत्री वर येईपर्यंत खाली मुळं बरीच खाल्ली गेलेली असतात. शेंडा हिरवा असतो म्हणून कुणाला संशय येत नाही. मग वादळात झाड आडवं होतं आणि दोष वाऱ्याला जातो. मला याचंच फार वाईट वाटतं, कारण शेजारची झाडं त्याच वेळी वाचवता आली असती.

ही बुरशी मुळाला मूळ लागून पसरते. म्हणून रोगट झाडाभोवती चर खणून मुळांचा संबंध तोडायचा. नांगराचा फाळ बुंध्याला किंवा मुळांना लागू द्यायचा नाही, जखमेतून तिला आत वाट मिळते. आणि बांधावरची बाभूळ अशी पडली असेल, तर खोड विकून बुडखा जमिनीत तसाच ठेवू नका. त्या जुन्या मुळांवर बुरशी वर्षानुवर्षं तग धरते. बुडखा मुळ्यांसकट काढा, मगच तिथे नवं रोप लावा.